पथ्याच्या कागदावरची तारीख

घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार जडला की स्वयंपाकघराचे रूपच पालटते. मिठाची बरणी फडताळात मागे सरकते. वरण पातळ होते. भाज्या चिरून पाण्यात भिजत पडतात आणि ते पाणी फेकून मगच शिजवल्या जातात. दूध मोजून, पाणी मोजून, फळ तर विचारूनच. हे सगळे सांभाळणारी बहुधा घरातली एकच बाई असते. डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद ती पाठ करते, देवघरातल्या पोथीसारखा जपते. पण तो कागद कधी दिला होता, कोणत्या अवस्थेसाठी दिला होता, आणि आज तो लागू आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही.

अक्कांनीही विचारले नव्हते.

अक्का राहायला कोल्हापूरला. वय ५८. माहेर कुडाळजवळच्या एका खेड्यातले. २०२२ च्या जुलैत, ऐन भातलावणीच्या दिवसांत, त्यांच्या धाकट्या भावाला ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चालवेना. दिवसभर चिखलात वाकून अंग मोडून आले असेल, असेच सगळ्यांना वाटले. चौथ्या दिवशी डोळे आधी लाल आणि मग पिवळे झाले. लघवी जवळजवळ थांबली. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लेप्टोचा संशय धरून लगेच इंजेक्शने सुरू केली आणि रुग्णवाहिकेतून गोव्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात रवाना केले.

लेप्टोस्पायरोसिस हा आजार कोकणाला आणि गोव्याला नवा नाही. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायांच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. बहुतेकांना थोडा ताप येऊन जातो. पण काहींच्या बाबतीत हे जंतू यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे अशा तिन्ही ठिकाणी घाला घालतात. भावाचे तसेच झाले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. रक्तदाब इतका खाली होता की नेहमीचे चार तासांचे डायलिसिस त्यांना सोसले नसते. म्हणून रक्त अगदी संथपणे, रात्रंदिवस शुद्ध करत राहणारे यंत्र लावले गेले.

अक्का आंबोली घाटातून एसटीने येऊन पोहोचल्या तो तिसरा दिवस होता.

नळीतले जेवण

अतिदक्षता विभागात एका वेळी एकाच नातेवाइकाला सोडत. भावजयीने अक्कांना पुढे केले. आत गेल्यावर त्यांनी आधी भावाचे तोंड पाहिले. मग मानेजवळच्या जाड नळीतून यंत्राकडे जाणारे आणि परत येणारे रक्त पाहिले. हे त्यांच्या ओळखीचे होते. पण खाटेच्या दुसऱ्या बाजूला एक पिशवी टांगलेली होती आणि तिच्यातले सायीच्या रंगाचे दाटसर पातळ नाकातल्या नळीतून आत जात होते. ते मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"हे काय चाललंय?" त्यांनी परिचारिकेला विचारले.

"त्यांचं जेवण आहे, काकू."

"काय असतं यात?"

"सगळंच. साखर, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं. यांना प्रथिनं जास्त लागतात, म्हणून वरून प्रथिनांची पावडरही घातली आहे."

प्रथिने हा शब्द ऐकला आणि अक्कांच्या पोटात धस्स झाले. त्या तशाच बाहेर आल्या. भावजयीला म्हणाल्या, "अगं, यांना प्रथिनं देतायत! किडनी बंद पडलेल्या माणसाला! तू काही बोलली नाहीस?"

"मला काय कळतंय, वन्सं," भावजय म्हणाली. तीन रात्री ती बाकड्यावरच झोपत होती.

अक्कांना कळत होते. निदान तशी त्यांची खात्री होती. त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. तिच्यात घड्यांवर विरलेला एक कागद होता. २००७ साली त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडे मधुमेहाने दुबळी झाली, तेव्हा मिळालेला. डाळ अर्धी वाटी. दूध अर्धा कप. अंडे, मासे, मटण, शेंगदाणे बंद. नारळपाणी बंद. हा कागद अक्कांनी अक्षरशः पाळला होता. सणावारीही मोडला नव्हता. यजमान गेल्यावरही टाकून देववला नव्हता.

तोच कागद हातात घेऊन त्या आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

ताटात नसले तरी

आहारतज्ज्ञ तिशीचीही नसेल. तिने कागद हातात घेतला, नीट वाचला. हसली नाही, की बाजूलाही सारला नाही.

"काकू, कागद बरोबर आहे," ती कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाली. "पण तो वेगळ्या माणसासाठी आहे."

मग तिने समजावून सांगितले. मूत्रपिंडे हळूहळू, वर्षानुवर्षे निकामी होत जातात, पण रुग्ण घरी हिंडताफिरता असतो आणि डायलिसिस सुरू झालेले नसते, तेव्हा प्रथिने मोजून दिली जातात. प्रथिने पचून वापरली गेली की शेवटी त्यांचे युरिया तयार होते. ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे. ती थकलेली असली की त्यांच्यावरचा भार हलका करायचा, हा त्या पथ्यामागचा विचार. वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिने.

"पण तुमचा भाऊ आज लढतोय," ती म्हणाली. "अंगात जंतू आहेत, ताप आहे. अशा वेळी शरीर कुणाची वाट बघत नाही. त्याला प्रथिनं हवीच असतात. जखम भरायला, जंतूंशी झगडायला, श्वास घ्यायला. ताटातून मिळाली नाहीत तर ते स्वतःचेच स्नायू मोडून घेतं. आणि स्नायू मोडले तरी युरिया होतंच. म्हणजे उपाशी ठेवून युरिया काही थांबत नाही, फक्त माणूस झिजतो."

अक्का ऐकत होत्या, पण मान हलवत नव्हत्या.

ही झीज किती वेगाने होते याचे मोजमाप झालेले आहे. २०१३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा एक स्नायू वेळोवेळी सोनोग्राफीने मोजला होता. पहिल्या १० दिवसांत तो सरासरीने जवळजवळ १८ टक्क्यांनी बारीक झाला. ज्यांचे अनेक अवयव एकदम बिघडले होते, त्यांच्यात ही घट आणखी मोठी होती. नुसत्या आहाराने ही झीज पूर्ण थांबत नाही, हे खरे. पण आहारही नसेल तर त्या शरीराला भरून काढायला काहीच मिळत नाही.

वेळलेले पाणी

"बरं, ते शरीराचं झालं," अक्का म्हणाल्या. "पण यंत्र लावलंय ना? ते घाण काढतंय. तुम्ही वरून आणखी घालताय. मग त्याचा उपयोग काय?"

आहारतज्ज्ञ क्षणभर थांबली. "काकू, तुमच्याकडे भात वेळून करतात?"

"माहेरी करायचे. उकड्या तांदळाचा."

"वेळलेल्या पाण्याचं काय करायचात?"

"टाकत नव्हतो. सत्त्व असतं त्यात. मीठ घालून प्यायचो, नाहीतर गुरांना."

"या यंत्राचंही तसंच आहे. रक्त त्यातून वेळून निघतं. चाळणीला काय कळतं, घाण कुठली आणि सत्त्व कुठलं? तिला फक्त बारीक आणि मोठं एवढंच कळतं. युरिया बारीक, म्हणून गेलं. पण प्रथिनांचे सुटे घटक, म्हणजे अमायनो आम्लंही बारीकच. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही बारीक. तीही जातात. आणि हे वेळलेलं पाणी आपण परत पाजत नाही, टाकून देतो."

संथ आणि अखंड चालणाऱ्या डायलिसिसमध्ये दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम अमायनो आम्ले अशी वाहून जातात. एका अंड्यात सहा ते सात ग्रॅम प्रथिने असतात, या हिशेबाने रोज दोन अंडी खाऊ घालून ती ओतून दिल्यासारखेच. त्याशिवाय बी गटातली जीवनसत्त्वे, फॉलिक आम्ल, क जीवनसत्त्व, सेलेनियम आणि तांबे यांसारखी सूक्ष्म द्रव्येही निसटतात.

म्हणून अशा रुग्णाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. मूत्रपिंडांच्या विकारांवर मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०१२ साली दिलेल्या सल्ल्यानुसार, मूत्रपिंडे अचानक बंद पडून डायलिसिस चालू असलेल्यांना किलोमागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत. अखंड डायलिसिस चालू असेल आणि शरीराची मोडतोड जोरात असेल, तर १.७ ग्रॅमपर्यंत जावे. ऊर्जा किलोमागे २० ते ३० कॅलरी. डायलिसिस टळावे किंवा लांबावे म्हणून रुग्णाची प्रथिने तोडू नयेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. भावाचे वजन ६० किलो. म्हणजे जुन्या कागदाच्या मानाने जवळजवळ दुप्पट प्रथिने आणि दिवसाला १२०० ते १८०० कॅलरी. आतडी चालू असतील तर हे सारे शिरेतून न देता नळीने पोटातच द्यायचे. रक्तदाब सावरला की पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरुवात करायची, पण थोड्या प्रमाणात. भावालाही आरंभी ताशी २० मिलिलिटर दिले होते आणि पोटाला मानवते आहे असे पाहून ते हळूहळू वाढवत नेले होते.

"म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं?" अक्कांनी विचारले. आवाजातली धार अजून गेली नव्हती.

"नाही. तेही नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसांत ठासून भरलं तरी शरीराला ते वापरता येत नाही. आणि यंत्रातल्या द्रावणांतूनही थोडी साखर आत जाते, ती मी जेवणातून वजा करते. आमचं काम भरवणं नाही, मोजणं आहे."

तिचे म्हणणे बरोबर होते, हे पुढच्याच वर्षी दिसले. २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १६ देशांतल्या कृत्रिम श्वासावर असलेल्या १३०० रुग्णांमध्ये केलेल्या या चाचणीत, किलोमागे २.२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने देण्याचे उद्दिष्ट ठेवलेले रुग्ण बेताची प्रथिने मिळालेल्यांपेक्षा लवकर घरी गेले नाहीत. उलट, ज्यांच्या मूत्रपिंडांना आधीच इजा झाली होती, त्यांना जादा प्रथिनांनी अपाय होत असावा असे दिसले. उपाशी ठेवणे चूक आणि कोंबणेही चूक, असा त्याचा अर्थ.

शेंगदाण्याच्या तेलावरचे रुग्ण

अक्कांची भीती काही वेडगळ नव्हती. एके काळी डॉक्टरही तसेच मानत. १९४३ साली नेदरलँड्समध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या एका गावात, विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून पहिले कामचलाऊ डायलिसिस यंत्र उभे केले. १९४५ मध्ये त्याने पहिला जीव वाचला. पण यंत्रे सर्वत्र पोहोचायला वेळ लागला. तोवर मूत्रपिंडे अचानक बंद पडलेल्या माणसाला सांभाळायचे कसे, तर पाणी तोडायचे आणि प्रथिने शून्यावर आणायची. १९४९ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर अशा रुग्णांना नाकातल्या नळीने फक्त ग्लुकोज आणि शेंगदाण्याचे तेल देण्याची पद्धत सांगितली होती. मूत्रपिंडे आपसूक जागी होईपर्यंत शरीरात युरिया साचू नये, हा हेतू. यंत्र हाताशी नसताना ते शहाणपणाचेच होते आणि त्याने माणसे वाचलीही.

पुढे यंत्रे आली. युरिया काढून टाकता येऊ लागले. पण भीती मागे राहिली, रुग्णालयांतही आणि घरांतही. यंत्र आल्यावर पथ्य बदलले पाहिजे, हे शहाणपण मात्र यंत्राइतके झपाट्याने पोहोचले नाही.

थर्मासमधली पेज

पाचव्या दिवशी रक्ताच्या तपासणीत भावाचे फॉस्फरस खूप खाली गेलेले आढळले. अक्कांच्या कागदावर दूध आणि शेंगदाणे बंद होते, ते बऱ्याच अंशी या फॉस्फरससाठीच. जुनाट विकारात ते रक्तात साचते, हाडे पोखरते. इथे अखंड चालणाऱ्या यंत्राने ते काढून काढून इतके कमी केले होते की सलाइनमधून घालावे लागले. फॉस्फरस फार कमी झाले की स्नायू दुबळे पडतात, श्वासाचेसुद्धा, आणि मग कृत्रिम श्वासाचे यंत्र सुटायला वेळ लागतो.

पोटॅशियमचेही असेच. गावाहून भावजयीचा भाऊ चार शहाळी घेऊन आला, तेव्हा अक्का त्याच्यावर कडाडल्या, "शहाळं किडनीला विष!" आहारतज्ज्ञ म्हणाली, "विष नाही, पण आज नको. लेप्टोत पोटॅशियम पुष्कळदा वाढण्याऐवजी कमीच होतं. किती द्यायचं ते आम्ही रोज रक्त बघून ठरवतो आणि मापाने देतो. शहाळ्यात किती आहे ते मला मोजता येत नाही."

आठव्या दिवशी श्वासाची नळी निघाली. भाऊ डोळे उघडून पाहू लागला. ओठ कोरडे पडले होते. त्याने खुणेने पाणी मागितले. त्या संध्याकाळी अक्का थर्मास घेऊन आल्या. त्यात गावाहून मुद्दाम आणवलेल्या उकड्या तांदळाची पेज होती. कोकणातल्या माणसाला आजारपणात पेजेवाचून दुसरे अन्न सुचत नाही. परिचारिकेची पाठ वळताच त्यांनी चमचा काढला. पहिला चमचा ओठांशी गेला असेल नसेल, तोच मागून हात आला.

"काकू, नको! ठसका लागेल. पेज फुप्फुसात जाईल."

अक्का चपापल्या. आठ दिवस नळी घशात असलेल्या माणसाला गिळणे नव्याने जमावे लागते. घसा सुन्न असतो. कधी कधी खोकलाही येत नाही. घास श्वासनळीत उतरला तरी वरून कळत नाही आणि पुन्हा न्यूमोनिया होतो. गिळता येते की नाही याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही द्यायचे नसते. मायेने भरवलेला एक चमचा आठ दिवसांच्या झुंजीवर पाणी फिरवू शकतो.

शिवाय, आहारतज्ज्ञ नंतर हळूच म्हणाली, पेजेच्या पेल्यात प्रथिने जेमतेम दीड-दोन ग्रॅम. पोट भरल्यासारखे वाटते, भूक मरते, पण शरीराच्या पदरात फारसे काही पडत नाही.

अक्कांनी थर्मासचे झाकण लावले. ती पेज मग भावजयीने बाकड्यावर बसून प्यायली. तिनेही तीन दिवसांत धड काही खाल्ले नव्हते.

एक अंडे

त्या रात्री अक्का पुन्हा आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीशी गेल्या. ती घरी जायच्या तयारीत होती. अक्कांच्या हातात तोच कागद होता, पण या वेळी भांडण नव्हते.

"एक विचारते. घरून येऊन-जाऊन डायलिसिस करतात, आठवड्यातून दोनदा वगैरे... त्यांना तरी हे पथ्य असतं ना?"

आहारतज्ज्ञाने कागदाकडे पाहिले, मग अक्कांकडे. तिच्या लक्षात आले असावे.

"मीठ, पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस सांभाळावंच लागतं," ती सावकाश म्हणाली. "पण प्रथिनं नाही तोडायची. एकदा डायलिसिस सुरू झालं की ती वाढवायची असतात. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. दर डायलिसिसला काही ग्रॅम वाहून जातात ना."

अक्का खुर्चीवर बसल्या. यजमानांचे डायलिसिस १४ महिने चालले होते. २००९ मध्ये ते गेले. डायलिसिस सुरू झाले तेव्हा वजन ६८ किलो होते, शेवटी ५१. पँटी दोनदा उसवून आवळल्या होत्या. गालफडे बसली, दंडाची कातडी लोंबू लागली. सगळे म्हणायचे, आजारच तसा आहे. अक्का अर्धी वाटी डाळीवर पाव चमचाही चढू देत नव्हत्या. एकदा रविवारी शेजारून आम्लेटचा वास आला, तेव्हा ते म्हणाले होते, "एक अंडं करून दे गं. एकच." आणि अक्कांनी डोळ्यांत पाणी आणून नाही म्हटले होते. त्यांच्याच भल्यासाठी.

यंत्रावर जाऊ लागल्यानंतर नवा कागद कुणी दिला नव्हता. आणि अक्कांना तरी काय ठाऊक, की तो मागायचा असतो?

"मी त्यांना उपाशी मारलं का गं?" त्यांनी विचारले.

तरुण मुलगी काही वेळ गप्प राहिली. काहीतरी गोड बोलून वेळ निभावणे सोपे होते. ती म्हणाली, "त्यांना मधुमेह होता, हृदयही थकलं असेल. एका अंड्याने काय झालं असतं ते मला नाही सांगता येणार, कुणालाच नाही. अंगात थोडी ताकद राहिली असती, एवढं म्हणू शकते. पण काकू, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही शेवटपर्यंत पाळलंत. कागद बदलायचं काम तुमचं नव्हतं. आमचं होतं."

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि पहिल्यांदाच वरच्या कोपऱ्यात पाहिले. तिथे तारीख होती, फिकट झालेली. मार्च २००७. म्हणजे डायलिसिस सुरू होण्याच्या वर्षभर आधीची.

"ही कितीपर्यंत?"

अकराव्या दिवशी अखंड यंत्र काढून साधे डायलिसिस सुरू झाले, एक दिवसाआड. तेराव्या दिवशी गिळण्याची चाचणी पार पडली. सोळाव्या दिवशी लघवीची पिशवी भरू लागली. लेप्टोत एक आशेची गोष्ट असते. वेळेवर उपचार मिळून माणूस तगला, तर मूत्रपिंडे बहुधा पुन्हा जागी होतात. विसाव्या दिवशी डायलिसिस बंद झाले.

भाऊ साध्या वॉर्डात आला तेव्हा खाटेवरून एकट्याने उठवत नव्हते. नांगर धरणारे हात पेला धरताना थरथरत. आहारतज्ज्ञ म्हणाली, आता खरे जेवण सुरू. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे. मऊ भात, घट्ट वरण, दही, बांगड्याचा काटे काढलेला तुकडा, अंडे. त्याबरोबर रोज थोडे चालणे, कारण नुसत्या खाण्याने स्नायू परत येत नाहीत, त्यांना कामही लागते. नंतर रक्ताचे आकडे पाहून ती हे पुन्हा बदलणार होती.

पहिले अंडे अक्कांनी स्वतः सोलले. ते सोलायला त्यांना फार वेळ लागला. टरफलाचा एकेक कण त्या निगुतीने काढत होत्या. भाऊ म्हणाला, "अक्का, दे आता. भूक लागलीय." त्यांनी अंड्याचे चार भाग केले, वर चिमूटभरही मीठ न घालता एकेक तुकडा त्याच्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्याचा नवा कागद दिला. मीठ बेताचे. दुखण्यावरची गोळी मनाने घ्यायची नाही. प्रथिने इतकी. पाणी इतके. पुढच्या लावणीला पायांत गमबूट घालूनच शेतात उतरायचे. भावजयीने कागद घेऊन पदराच्या टोकात बांधायला घेतला, तोच अक्कांनी तो तिच्या हातून काढून डॉक्टरांपुढे ठेवला.

"डॉक्टर, ही यादी कितीपर्यंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे ही कोणत्या तारखेला बदलायची? तेवढं वर लिहून द्या."

डॉक्टरांनी पेन काढले. पुढच्या तपासणीची तारीख लिहिली आणि तिच्यापुढे 'त्या दिवशी नवीन यादी घ्यावी' असे लिहिले. अक्कांनी ते वाचून पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचले आणि कागद भावजयीच्या हाती दिला.

जुना कागद त्यांच्या पर्समध्येच होता. तो त्यांनी टाकला नाही. कोल्हापूरला परत गेल्यावर त्यांच्याच गल्लीतल्या एका बाईंच्या मुलाचे डायलिसिस सुरू झाल्याचे कानावर आले. तेव्हा अक्का तो कागद घेऊन तिच्याकडे गेल्या आणि कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "आधी हे बघ. तुझ्या कागदावर काय तारीख आहे?"